मदत हवी आहे: नाशिक ते नागपूर, विमान बरं की समृद्धी?

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तिला नागपूरला ताईकडे न्यायचंय. तासन्‌तास पाय दुमडून बसणं तिला जमत नाही, म्हणून विचारतोय.

सरळ हवाई अंतर साधारण ५६५ किमी. जेट असेल तर हवेत तासभर. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) ताशी ५०० किमीच्या आसपास उडतं, म्हणजे सव्वा ते दीड तास धरावा. पण खरा वेळ जमिनीवरच जातो: नाशिकच्या सीबीएसहून (मध्यवर्ती बसस्थानक) ओझर विमानतळ २० किमी, वर तास-दीड तास आधी पोचायचं. शिर्डी ते नागपूर समृद्धीने ५२० किमी, त्यात नाशिक-शिर्डी धरलं की गाडीने सात-आठ तास कुठे गेले नाहीत. विदर्भ एक्सप्रेसला रात्रभर आडवं पडता येतं, पण खालचा बर्थ मिळायला हवा.

अलीकडे ओझरहून थेट नागपूरला कुणी गेलंय का? विमान कोणतं होतं? एटीआरच्या पायऱ्या चढताना व्हीलचेअरवाल्यांना रॅम्प मिळतो का, की उचलून न्यावं लागतं? आणि पाय पसरायला कोणती सीट मागावी? तिला त्रास होऊ नये एवढंच हवंय. कृपया अनुभव असेल त्यांनी नक्की सांगा.