आठ महिन्यांची पॅरामेडिक आहे; क्रिटिकल केअरचं ट्रेनिंग आत्ता घेऊ की थांबू?

रात्रपाळी:

नमस्कार मंडळी. पॅरामेडिक म्हणून कामाला लागून आठ महिने झाले. कॉल बहुतेक नेहमीचेच असतात: छातीत दुखणं, अपघात, साखर उतरलेली, दम लागलेला. तेवढ्यात हात बसलाय.

गेल्या महिन्यात एक पेशंट एका आयसीयूतून दुसऱ्या आयसीयूत न्यायचा होता. न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर, प्रेशर टिकवणारं नॉरॲड्रेनलिन पंपावर, मनगटात आर्टरी लाइन (धमनीतलं प्रेशर सतत दाखवणारी नळी). आयसीयूच्या सिस्टर सोबत होत्या, मी मदतीला. निघून वीसेक मिनिटं झाली आणि व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजायला लागला. मी मॉनिटर पाहिला, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९४ टक्के होतं, म्हणून अलार्म सायलेंट केला आणि स्क्रीनवरचे आकडे वाचत बसले. सिस्टरनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात थेट पेशंटच्या तोंडाजवळच्या ट्यूबवर गेला आणि तिथून सर्किटवरून, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्यांवरून, सरकत सरकत स्ट्रेचरच्या कठड्यापाशी थांबला. पट्टा आवळताना मीच सर्किट कठड्याखाली दाबलं होतं. त्यांनी ते सोडवलं, छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का ते पाहिलं, कॅप्नोग्राफची (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लाट परत नीट चौकोनी झाली. सगळं मिळून दहा सेकंद.

मला कोणी काही बोललं नाही. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तो का वाजतोय हे न कळताच मी तो अलार्म बंद केला होता.

तेव्हापासून हे काम नीट शिकायचं मनावर घेतलंय. ॲडव्हान्स क्रिटिकल केअर कोर्सला अर्ज करावासा वाटतो. सहकारी म्हणतात, आधी तीन-चार वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढ. जे हे काम करतात त्यांनीच सांगा: थांबू का? आणि थांबायचं तर मधल्या काळात काय करू?

लांब_पल्ला:

रात्रपाळी, चौदा वर्षं झाली मला, त्यातली नऊ क्रिटिकल ट्रान्सफरवर. एकेरीत बोलतो, राग मानू नकोस.

परीक्षेला थांब, अभ्यासाला थांबू नकोस. कोर्समध्ये काही आठवड्यांत व्हेंटिलेटर, पंप, आर्टरी लाइन, ब्लड गॅस (रक्तातल्या वायूंची तपासणी) असं पुष्कळ शिकवतात. पण दारातून आत पाऊल टाकताच हा पेशंट बिघडणार की तगणार हे तुला जाणवतं, असं ते गृहीत धरतात. ती नजर वर्गात मिळत नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षातलं सांगतो. तरुण पेशंट, डायबेटिक कीटोॲसिडोसिस (मधुमेहात रक्तात ॲसिड साठणं), मिनिटाला ३६ खोल श्वास. दमला, गुंगीत गेला, डॉक्टरांनी ट्यूब टाकली. व्हेंटिलेटर मी लावला: रेट मिनिटाला १४ श्वास, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ४५० मिली. हाताला सवयच ती होती. आधी ईटीसीओटू (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) १८ होता, तो चढत चढत ३४ वर आला. नॉर्मल ३५ ते ४५, म्हणजे आता छान जमतंय, असं मला वाटलं. माझ्या जीवात जीव आला! तेवढ्यात डॉक्टर वळले, आकडा पाहिला आणि काही न बोलता रेट ३० वर नेला. नंतर त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. पेशंट स्वतः श्वास घेत होता तेव्हा साधारण ३६ गुणिले ७००, म्हणजे मिनिटाला पंचवीस लिटर हवा आत-बाहेर करत होता. रक्तातलं ॲसिड आवरायला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकण्याची ती धडपड होती. मी त्याला सहा लिटरवर आणून ठेवलं. आणखी थोडा वेळ तसंच चाललं असतं तर पीएच कोसळून हृदय थांबलं असतं. आकडा नॉर्मल दिसत होता आणि पेशंट बुडत होता. म्हणून ट्यूब टाकायच्या आधी तो मिनिटाला किती श्वास घेत होता, हे मी आजही हातावर लिहून ठेवतो.

टायडल व्हॉल्यूमचंही तसंच. वजन काट्यावरचं घ्यायचं नाही, उंचीवरून काढायचं. पुरुषासाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची सेंमीमध्ये वजा १५२.४), बाईसाठी ५० च्या जागी ४५.५. १७० सेंमीचा माणूस काट्यावर ११० किलोचा असला तरी हिशोबाला ६६ किलोच. किलोला ६ मिली धरले तर ३९६ मिली. काट्यावरचं वजन धरलंस तर ६६० मिली होतील आणि फुफ्फुसं फाटायला येतील. २००० साली एआरडीएसच्या (फुफ्फुसं गंभीर सुजण्याच्या आजाराच्या) ८६१ पेशंटवरचा अभ्यास आला. त्यात किलोला १२ मिली दिलेल्यांत मृत्यू सुमारे ४० टक्के, ६ मिली दिलेल्यांत ३१ टक्के. एका सेटिंगने एवढा फरक पडतो! हे गणित तू आजच शिकू शकतेस, त्याला कोणाचं सर्टिफिकेट लागत नाही.

तुझ्या अलार्मचं बोलायचं तर क्रम पाठ कर: ट्यूब सरकली का, कुठे अडकली-दबली का, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा) आहे का, मशीन बिघडलं का. काहीच कळेना तर सर्किट काढ आणि हाताने दाबून श्वास द्यायची बॅग लाव. फुफ्फुस कडक आहे की सैल हे हाताला लगेच कळतं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्यावरून वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र हाताने बॅग दाबत होते. आपल्या कामाची सुरुवात तिथली आहे, म्हणून बॅगला कमी लेखू नकोस.

खाट_क्रमांक_९:

मी आयसीयूत नर्स आहे. ताई, तुमचा अनुभव वाचताना त्या सिस्टरच्या जागी मी स्वतःलाच पाहिलं. सिस्टरचा हात आपोआप तिथे गेला असं वाटतं ना? तो शेकडो वेळा तसाच गेलेला असतो. मी शिफ्ट घेताना प्रत्येक लाइन पिशवीपासून पेशंटच्या कातडीपर्यंत बोटांनी चाचपत जाते. तुम्ही आजपासून हे करू शकता, साध्या सलाइनच्या पेशंटवरही.

परवानगी मिळत असेल तर सुट्टीच्या दिवशी आयसीयूत चार-चार तास येऊन बसा. कामाला हात लावू नका, फक्त बघा आणि विचारा. आर्टरी लाइनचंच घ्या. ट्रान्सड्यूसर (प्रेशर मोजणारा सेन्सर) हृदयाच्या पातळीत हवा, म्हणजे बरगड्यांमधली चौथी जागा आणि काखेच्या मध्यातून खाली येणारी रेषा जिथे भेटतात तिथे. तो १० सेंमी खाली लोंबकळला तर प्रेशर सात-आठ मिलिमीटर जास्त दिसतं. मीन (सरासरी) प्रेशर ६५ दिसतंय म्हणून तुम्ही निवांत, आणि खरं असतं ५७! पेशंट स्ट्रेचरवर घेतला, डोक्याकडची बाजू वर केली, की हे हमखास होतं. पुस्तकात याला एक ओळ असते. खाटेपाशी उभं राहून दोनदा पाहिलंत की जन्मभर विसरणार नाही.

पंपाचं गणितही तोंडी यायला हवं. ७० किलोचा पेशंट, नॉरॲड्रेनलिन ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ४ मिलिग्रॅम. रोज एक असं गणित सोडवा. याचं उत्तर ताशी ५.२५ मिली.

दीड_वर्षात_गेलो:

मी वेगळं सांगणार आहे. थांबा, आणि नीट थांबा.

मी दीड वर्षातच कोर्स केला, पासही झालो. त्यानंतर एक रक्तस्रावाचा पेशंट आला. पल्स ११८, वरचं प्रेशर ८६. माझ्या डोक्यात फक्त ट्यूब होती, कारण ट्यूब टाकायला मी नुकताच शिकलो होतो. पल्सला प्रेशरने भागलं तर १.३ च्या वर जातं. एकच्या वर गेलं की ट्यूब टाकताना पेशंट कोसळण्याची भीती मोठी, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. सोबतच्या सीनियरनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, आधी रक्त, मग ट्यूब. त्या नसत्या तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो.

नवी हत्यारं हातात आली की ती वापरावीशी वाटतात. ती खाली ठेवायला शिकायला मला आणखी दोन वर्षं लागली. लांब_पल्ला दादांचं बाकी सगळं पटतं, पण "परीक्षेला थांब" हे त्यांनी एका वाक्यात उरकलंय. माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

रात्रपाळी:

सगळ्यांचे मनापासून आभार. कीटोॲसिडोसिसचा किस्सा तीनदा वाचला. माझ्या हातूनही अगदी तसंच झालं असतं, तो ३४ पाहून मीही खूश झाले असते.

या वर्षी अर्ज करत नाही. आयसीयूत बसण्याची परवानगी मागितली आहे, आणि गणितांची वही आजपासून चालू केली आहे. ताई, तुमचं ५.२५ बरोबर आलं, पण करायला मला सहा मिनिटं लागली.

एक विचारायचं राहिलं. त्या ट्रान्सफरमध्ये निघायच्या आधी सिस्टरनी नॉरॲड्रेनलिनची सिरिंज अर्धी भरलेली असतानाच बदलली. का?

खाट_क्रमांक_९:

कारण वाटेत ती संपली असती तर हलत्या गाडीत बदलावी लागली असती. या औषधाचा हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) दोन-अडीच मिनिटांचाच असतो. नवी सिरिंज बसवून, पंपाची ढिलाई निघून औषध पुन्हा वाहू लागेपर्यंत प्रेशर जमिनीवर आलेलं असतं. म्हणून आम्ही दुसऱ्या पंपावर नवी सिरिंज आधी चालू करतो, प्रेशर चढताना दिसलं की मगच जुनी बंद. आयसीयूत याल तेव्हा एकदा हे बघायला मिळतंय का ते बघा, आणि तेव्हा पंपाकडे नाही, आर्टरी लाइनच्या लाटेकडे नजर ठेवा.