मदत हवी आहे: एअर पिस्तूल ठीक, पॉइंट टू टू घेतलं की शॉट खाली डावीकडे

मंडळी, नमस्कार. १० मीटर एअर पिस्तूल करत होते, आता २५ मीटर स्पोर्ट पिस्तूलही (काडतुसाचं, पॉइंट टू टू म्हणजे .२२ बोअरचं) सुरू केलंय. (कोल्हापूरची आहे, त्यामुळे राही सरनोबतचं २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण घरी रोज ऐकावं लागतं, ते वेगळंच.)

एअरचा ग्रुप बरा येतो, म्हणजे शॉट जवळजवळ पडतात. पॉइंट टू टू हातात आलं की प्रिसिजनला (सावकाश नेम धरून मारायची फेरी) पाचातले एक-दोन मध्ये, बाकीचे घड्याळातल्या सात-आठच्या बाजूला. उजव्या हाताने मारते. साइट फिरवली तर मधले शॉट उजवीकडे वर जातात, म्हणजे दोष साइटचा नाही. ट्रिगर एअरला किमान ५०० ग्रॅम, इथे १००० ग्रॅम. फरक बोटाला चांगलाच कळतो. पण रॅपिडला (झटपट मारायची फेरी), तीन सेकंदांत हात ४५ अंशांवरून उचलून मारायचं असूनही, शॉट एवढे पळत नाहीत. हे कसं काय? आणि एकाच दिवशी दोन्ही पिस्तुलं घ्यावीत का? काडतुसं मोजूनच मिळतात, उधळून बघायची सोय नाही.

प्रतिसाद १:
ग्रिप बदला. माझं तेवढ्यानेच सुटलं.

प्रतिसाद २:
ग्रिपला इतक्यात हात लावू नका. रॅपिडच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा गोल १०० मिमीचा, प्रिसिजनचा ५०, त्यामुळे तिथे थोडं झाकलं जातं हे खरं. पण मुख्य म्हणजे तिथे वाट बघायला वेळच नसतो. प्रिसिजनला तुम्ही साइट अगदी स्थिर व्हायची वाट बघत बसता, आणि झाली असं वाटलं की ट्रिगर झटकन ओढता. धक्का येणार म्हणून मनगटही आधीच खाली जातं. एअरला धक्का नसल्यासारखाच, म्हणून तिथे हे दिसत नाही. एअरचा दहा ११.५ मिमी, अंतराच्या हिशोबाने २५ चा दहा त्याच्या पावणेदोन पट मोठा पडतो. हात थोडा हलू दे, दाब चालू ठेवा.

खात्री करायची तर कोचना मॅगझिनमध्ये तुमच्या नकळत एखादा डमी राउंड (न उडणारं खोटं काडतूस) भरायला सांगा. डमीवर नळी खाली डुचकली की कळेलच.

दोन्ही घ्यायचीच तर आधी पॉइंट टू टू, शेवटी थोडं एअर. माझ्या मते उलट केलं की बोटाला हलक्या ट्रिगरची सवय राहते.

धागाकर्ती:
धन्यवाद! डमीचं सरांना विचारते. घरी पॉइंट टू टूची ड्राय प्रॅक्टिस (काडतुसाशिवाय ट्रिगर ओढायचा सराव) चालेल का?

प्रतिसाद २:
रिकामं मारून काही पिस्तुलांची फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते. मॅन्युअल बघा. क्लबचं असेल तर घरी न्यायचा प्रश्नच नाही, तिथेच सरांसमोर करा.