मदत हवी आहे: जुनी मंगलोरी कौलं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी. वसईत आमच्या चर्चमधले आम्ही सात-आठ जण रविवारची मिस्सा झाली की गरजू शेजाऱ्यांच्या घरांची डागडुजी करतो. सध्या एका एकट्या आजींचं कौलारू घर हातात घेतलंय. आजी ख्रिस्ती नाहीत, पण नाताळात आमच्याकडून गेलेलं ताट त्यांनी कधी रिकामं परत पाठवलेलं नाही!

दोन वासे वाळवीने इतके पोखरलेत की स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. ते बदलतोय. अडलंय ते कौलांवर. साठेक फुटलीत. नवी आणून बघितली, पण खाचेत खाच बसेना, अर्धा बोट फट राहते. साचाच वेगळा. (बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६०च्या दशकात मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून किती साचे निघाले असतील कोण जाणे.) पत्रे टाका म्हणतात सगळे. आजी ऐकत नाहीत, आणि मे महिन्यात पत्र्याखाली कोण झोपणार?

वसई-विरारकडे पाडलेल्या घरांची कौलं कोण विकतं? की एका उताराच्या रिपांचं (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांचं) अंतर बदलून तिथे सगळी नवीच बसवावीत? कुणी केलंय का असं? मृगाच्या आत उरकायचंय. टेम्पो आमचा.