हायफन कधी द्यायचा, कधी नाही?

मुलुंडकर
मुलगी आठवीत आहे. इंग्रजीच्या निबंधात तिने 'माय ब्रदर इज टेन-यीअर्स-ओल्ड' असं लिहिलं आणि बाईंनी दोन्ही रेघांना लाल गोल केले. खालच्याच परिच्छेदात तिने 'अ टेन यीअर ओल्ड बॉय' असं रेघा न देता लिहिलं, तर तिथेही लाल गोल! ती मला विचारते, मग द्यायचा की नाही? मलाही नीट सांगता येईना. आणि मराठीत या चिन्हाला नक्की काय म्हणतात? आमच्या घरी सगळे सरसकट 'डॅश' म्हणतात.

गिरगावकर
ताई, बाईंचं दोन्हीकडे बरोबर आहे. मी बरीच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नाव. छोटी रेघ म्हणजे संयोगचिन्ह, इंग्रजीत हायफन. लांब रेघ म्हणजे अपसारणचिन्ह, तो डॅश. एक जोडतं, दुसरं थांबवतं किंवा दूर सारतं, त्यामुळे दोघांना एका नावाने हाक मारू नये. 'हायफन' हा शब्द मुळात ग्रीक, 'हुफ हेन', म्हणजे 'एकाखाली', एकत्र. त्या काळी दोन शब्द एक म्हणून वाचायचे असले की त्यांच्या खालून एक कमान काढत. हे चित्र मुलीला काढून दाखवा. हायफन दिसला की खालून कमान आहे असं समजायचं, कमानीतलं सगळं मिळून एक शब्द.

आता चोर बाजारातलं उदाहरण. 'ओल्ड फर्निचर डीलर' असं लिहिलं तर म्हातारा कोण, दुकानदार की कपाट? 'ओल्ड-फर्निचर डीलर' लिहिलं की शंका संपली, कपाट जुनं. मराठीत इथे ही अडचण येत नाही. 'जुन्या फर्निचरचा व्यापारी' आणि 'जुना फर्निचरचा व्यापारी' यांतला फरक कानालाच कळतो. 'जुना'चं 'जुन्या' झालं, म्हणजे तो शब्द फर्निचरला बांधला गेला. आपल्याकडे हे काम सामान्यरूप करतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विशेषणं नामाच्या विभक्तीप्रमाणे बदलत, पुढे ती रूपं झिजून गेली. आता 'ओल्ड' कुणाचंही असो, ते 'ओल्ड'च राहतं. म्हणून कोण कुणाला बांधलंय हे रेघेने दाखवावं लागतं.

यावरून मी एक युक्ती वापरतो. इंग्रजी शब्दसमूह मनात मराठीत म्हणून पाहायचा. पहिल्या शब्दाचं सामान्यरूप झालं, तर इंग्रजीत हायफनचा विचार करायचा. 'लहान'सारख्या, रूप न बदलणाऱ्या विशेषणांना ही युक्ती लागू पडत नाही, पण बरीच मदत होते.

तुमच्या मुलीचं वाक्य. 'अ टेन-यीअर-ओल्ड बॉय' यात तिन्ही शब्द मिळून मुलाचं एकच विशेषण झालं आणि ते मुलाच्या आधी आलं, म्हणून दोन हायफन. 'माय ब्रदर इज टेन यीअर्स ओल्ड' यात पुढे नामच नाही, बांधायचं कशाला? तिथे शब्द मोकळे सोडायचे आणि 'यीअर्स' अनेकवचनी ठेवायचं.

एकवचनाची चूक आपली मुलं का करतात, तेही सांगतो. आपण 'दहा रुपयांची नोट', 'बारा डब्यांची लोकल' म्हणतो, आपलं अनेकवचन विशेषणातही टिकतं. इंग्रजीत मात्र 'टेन-रुपी नोट', 'ट्वेल्व्ह-कार लोकल'. कमानीत शिरलेलं नाम एकवचनी होतं.

बोरिवलीकर
काका, मग 'फर्स्ट क्लास' कसं लिहायचं? पासावर एक, अर्जात दुसरं दिसतं. आणि 'हायली पेड'मध्येही हायफन द्यायचा का?

गिरगावकर
'आय ट्रॅव्हल फर्स्ट क्लास' यात नाही. 'फर्स्ट-क्लास पास' यात द्यावा, कारण पुढे पास हे नाम आहे. 'वेल-नोन ॲक्टर', पण 'ही इज वेल नोन' हेही तसंच.

'हायली पेड'मध्ये मात्र नाही. '-ली' लागून झालेलं क्रियाविशेषण पुढच्या शब्दालाच बिलगतं, घोटाळ्याला जागाच नसते. पण नुसता शेवटी 'ली' दिसला म्हणून फसू नका. 'फॅमिली-रन इराणी हॉटेल' यात फॅमिली नाम आहे, तिथे हायफन हवा. 'अर्ली-मॉर्निंग लोकल' यातला 'अर्ली' हे विशेषण, तिथेही हवा.

'हायस्कूल टीचर'सारखे रुळलेले शब्द हायफनशिवाय लिहितात, त्यात कुणाचा गैरसमज होत नाही. काळाबरोबर शब्द बदलतातही. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या नावात १८९६ पर्यंत 'न्यू' आणि 'यॉर्क'मध्ये हायफन होता. शॉर्टर ऑक्सफर्ड या इंग्रजी शब्दकोशाच्या २००७ च्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतला हायफन काढला. 'आइस-क्रीम'चे दोन सुटे शब्द झाले, 'बम्बल-बी'चा जोडून एक. म्हणून जोडनामांसाठी नवा कोश उघडावा, आठवणीवर विसंबू नये.

परळकर
माझ्यावर गुदरलेला प्रसंग. एका कचेरीत सहकाऱ्याने ग्राहकाला पत्र पाठवलं, करार पुन्हा सही करायला आमचा माणूस तयार आहे, अशा अर्थाचं. 'री-साइन'मधली रेघ राहिली. उरलेली अक्षरं 'रिझाइन'चीच! ग्राहकाचा फोन, माणूस नोकरी सोडतोय का म्हणून. त्या दिवसापासून मी हायफन मनापासून पाहतो.

गिरगावकर
फार उत्तम उदाहरण. 'री-कव्हर द सोफा' आणि 'रिकव्हर' यांतही हेच. पुनः या अर्थाचा 'री' लावल्यावर दुसराच शब्द तयार होत असेल, तर हायफन द्यायलाच हवा.

मुलुंडकर
काका, मुलीला कमान पटली. तिने आता विचारलंय, आमच्या इमारतीबाहेरच्या फलकावर 'टू अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स' असं आहे, ते बरोबर का?

गिरगावकर
'टू'नंतरही हायफन हवा आणि मग जागा सोडायची: 'टू- अँड थ्री-बेडरूम फ्लॅट्स'. 'बेडरूम' दोघांचं आहे, पहिल्यापुढून ते गाळलंय, म्हणून पहिल्या हायफनला पुढची बाजू रिकामी राहते. बाकी सगळीकडे हायफनच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही, हे तिला वहीत लिहून ठेवायला सांगा.