नावाजलेले जुने स्पीकर : यात नुसतं नाव कोणाचं?

खर्जप्रेमी :
हॉल १२ बाय १० फूट, उंची साडेनऊ. काँक्रीटच्या भिंती, व्हिट्रिफाइड फरशी, एक सोफा, बाकी सगळं उघडं. ऐकणं मुख्यतः ख्याल, तबला-पेटी आणि थोडं जॅझ. इंटिग्रेटेड अ‍ॅम्प ८ ओमवर ५० वॉटचा, टेप लूप (बाहेरचा डबा मधे जोडायची सोय) नाही. वापरलेल्या चार जोड्या समोर आहेत : बोस ९०१ (चौथी सिरीज), यामाहा एनएस-१०, जुने जेबीएल एल१०० आणि बीबीसीचे १५ ओमवाले एलएस३/५ए. चौघांचाही भाव नावाचा आहे. यातलं फुगवलेलं कोण? 'कानाला रुचेल ते घ्या' सोडून काहीही सांगा, पण कारणासकट.

सोल्डरवाला :
९०१ पासून सुरू करतो, कारण त्यात फसायला सर्वात जास्त वाव आहे. १९६८ साली आलेलं डिझाइन. नऊ सारखे छोटे फुलरेंज ड्रायव्हर (आवाज काढणारे कोन, प्रत्येक सगळे सूर वाजवणारा), त्यातला एक समोर आणि आठ मागच्या भिंतीकडे. उंच सुरांचा ट्वीटर नाही, खालच्या सुरांचा वूफर नाही. म्हणजे तुम्ही ऐकता ती मुख्यतः तुमची भिंत. मागे पडदा, पुस्तकांचं कपाट किंवा खिडकी असेल तर खेळ संपला. भिंतीपासून ३० ते ४५ सेंमी अंतर आणि दोन्ही बाजूंना सारखी, कडक भिंत, एवढं हवंच. १० फुटी रुंदीत ते जमवणं अवघड.

दुसरी गोष्ट इक्वलायझर, म्हणजे सूर कमी-जास्त उचलणारा सोबतचा डबा. त्याच्याशिवाय ९०१ म्हणजे डब्यात बोललेला आवाज. खोक्याबरोबर तो मिळत नसेल तर सौदाच करू नका. पहिल्या दोन सिरीज बंद खोक्याच्या, तिसरीपासून पोर्ट (हवेसाठी भोकं) आले, त्यामुळे त्यांचा इक्वलायझर इकडे चालत नाही. टेप लूप नाही म्हणता, तर डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनलॉग सिग्नल करणारा डबा) आणि अ‍ॅम्पच्या लाइन इनपुटच्या मध्ये बसवा, चालेल. अमेरिकेतून आलेला असेल तर १२० व्होल्टचा निघेल, थेट आपल्या २३० वर लावलात की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. आणि इक्वलायझर खर्ज उचलतो तेव्हा ओझं अ‍ॅम्पवर पडतं : १० डीबी उचल म्हणजे दहापट वॉट. तुमचे ५० तिथे लगेच संपतात.

तिसरं, फोम. तिसऱ्या सिरीजपासून ड्रायव्हरच्या कोनाच्या कडा फोमच्या आहेत, आणि दमट हवेत त्यांचा चिकट भुगा होतो. अठरा कडा बदलायच्या. नऊही ड्रायव्हर एकामागोमाग एका तारेत जोडलेले, प्रत्येकी जेमतेम एक ओम. एकाची कॉइल तुटली की अख्खं खोकं मुकं. त्या जागी बाजारातला ८ ओमचा ड्रायव्हर बसवणारे महाभाग असतात. मग अर्धा व्होल्टेज तो एकटाच खातो आणि बाकीचे आठ कुजबुजतात.

मिलीओम :
सोल्डरवाला, ९०१ वर जरा जास्तच झोड उठवलीत. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये, चार माणसं चार कोपऱ्यांत बसली असताना तो पसारा छान वाटतो. मात्र गायकाला मध्यभागी बोट ठेवून दाखवता येत नाही, हे कबूल. ख्यालात तोच तोटा.

एनएस-१० बद्दल : १९७८ मध्ये तो घरासाठीच काढला होता, पण नाव झालं स्टुडिओत. बंद खोकं, त्यामुळे खालचे सूर लोळत राहत नाहीत; आणि दीड-दोन हजार हर्ट्झजवळ उंचवटा, त्यामुळे मिक्समधली चूक टोचते. इंजिनिअरला हेच हवं असतं. घरी मात्र तारसप्तकातली तान आणि पेटी अर्ध्या तासात डोकं उठवतात. ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायची पद्धत उगाच नव्हती पडली. शिवाय १०० हर्ट्झखाली हात आखडता, डग्ग्याची घुमक अर्धीच. २००१ ला उत्पादन थांबलं आणि भाव वर गेले; घरच्या कामासाठी ते पैसे वाया.

एल१०० चा वूफर १२ इंची आणि त्याच्या वाटेत उंच सूर अडवणारी कॉइलच नाही. तो आपला आपण थकेपर्यंत वर गात राहतो, मधल्या सुरांचा ड्रायव्हर त्याच्यावर चढतो, म्हणून मधला पट्टा पुढे येतो. रॉकला मजा, गायनाला जाडेपणा. तुमच्या खोलीत आणखी एक भानगड : १० फूट रुंदी ५६ हर्ट्झला घुमते आणि साडेनऊ फूट उंची ५९ ला. दोन्ही शेजारी-शेजारी. तिथे १२ इंची वूफर म्हणजे ढोल.

खर्जप्रेमी :
म्हणजे उरला एलएस३/५ए. पण त्याचाच भाव सर्वात चढा आणि आकार बुटाच्या खोक्याएवढा!

सोल्डरवाला :
भाव फुगलेलाच आहे, त्यात वाद नाही. बीबीसीने तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांत, जागा नसते तिथे ऐकायला बनवला. ५ लिटरच्या आसपासचं बंद खोकं, केईएफचे दोन ड्रायव्हर. बोलणं आणि गाणं यात तो आजही फार थोड्यांना हार जातो. खऱ्या खालच्या खर्जाचा मात्र आभासच, कारण १०० ते २०० हर्ट्झमध्ये मुद्दाम ठेवल्यासारखी उचल आहे.

गणित बघा. संवेदनक्षमता (थोड्या वीजेत किती आवाज) ८२-८३ डीबी. तुमचा ५० वॉटचा अ‍ॅम्प १५ ओमवर २७ वॉटच देतो. एक मीटरवर कमाल शंभरेक डीबी, अडीच मीटरवर त्यातले आठ वजा. ख्यालाला भरपूर, बिग बँड जॅझला अपुरं.

जागा : स्टँडवर, ट्वीटर कानाच्या रेषेत, तुम्ही दीड ते दोन मीटरवर. स्पीकरचा पुढचा फळा मागच्या भिंतीपासून ६० सेंमीवर ठेवलात तर १४३ हर्ट्झला खड्डा पडतो, तो इक्वलायझरने भरायला जाऊ नका. स्पीकर पुढे-मागे सरकवा. ग्रिल काढू नका, त्याच्यासकटच तो जुळवलेला आहे.

मिलीओम :
घेताना जोडी खरी आहे का पाहा : एकाच सिरीयल नंबरचे ए आणि बी. दोन्हींवर मोनो गाणं लावा, आवाज बरोब्बर मधे उभा राहिला पाहिजे. एकीकडे झुकत असेल तर आधी तारा अदलाबदल करा. झुकाव त्याच बाजूला राहिला तर दोष अ‍ॅम्पमध्ये नाही, स्पीकरमध्ये किंवा खोलीत.

आणि कोणी एल१०० च्या मोहात पडलंच, तर दीड व्होल्टच्या सेलने पोलॅरिटी (धन-ऋण बाजू) तपासताना गोंधळू नका. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला धन जोडलं की कोन आत जातो. ते बिघडलेले नसतात, तशीच त्यांची रीत होती.