निळू फुले यांची खरी उंची कोणत्या भूमिकेत दिसते: हिंदुरावात की दिगू टिपणीसात?

नारायणपेठकर (धागाकर्ता)

निळू फुले हे नाव निघाले की समोरचा माणूस हमखास आवाज घोगरा करून "बाई, वाड्यावर या" म्हणून दाखवतो आणि त्या नटाचा विषय तिथेच संपतो. पुण्यात जन्मलेल्या, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेल्या आणि इथल्याच सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी म्हणून नोकरी केलेल्या या माणसाबद्दल निदान पुणेकरांनी तरी अधिक नीट बोलावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझे मत असे, की निळूभाऊंची सर्वांत मोठी भूमिका 'सिंहासन' (१९७९) मधील दिगू टिपणीस ही आहे आणि त्यांचे सारे पाटील, सरपंच व साखरसम्राट एका पारड्यात घातले तरी दिगूचे पारडे जडच राहते.

अरुण साधू यांच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात सत्ता इतरांकडे आहे. अरुण सरनाईक मुख्यमंत्री आहेत, श्रीराम लागू त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री आहेत आणि दिगू हा केवळ बातमीदार आहे. खलनायकाला ओरडता येते, धमकावता येते, मिशीला पीळ देता येतो. दिगूच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याने जायचे, बसायचे आणि ऐकून घ्यायचे. त्याला सगळे उमगले आहे हे प्रेक्षकाला दिसले पाहिजे, पण समोरच्या मंत्र्याला दिसता कामा नये. ही कसरत निळूभाऊ नुसत्या डोळ्यांवर पेलतात. पापण्या जड, मान किंचित कलती आणि प्रश्न मात्र असा विचारायचा, की जणू उत्तराची त्याला फारशी गरजच नाही. शेवटी सारा डाव पाहून झाल्यावर दिगू रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. तोवर त्या माणसाने स्वतःला इतके आवरून धरलेले असते, की ते हसू अंगावर येते. मराठी पडद्यावर इतका संयमित अभिनय मला दुसऱ्या कुणात दिसलेला नाही.

भोरचा प्रेक्षक

आपले दिगूविषयीचे विवेचन आवडले, परंतु निष्कर्षाशी मी अजिबात सहमत नाही. आता पुण्यात राहत असलो, तरी निळूभाऊंचे चित्रपट मी पहिल्यांदा पाहिले ते जत्रेतल्या तंबूत, आणि तिथला प्रेक्षक त्यांना का घाबरत होता हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या पाटलाचे मोल कळणार नाही.

अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) या चित्रपटातून निळूभाऊ पडद्यावर आले, तो काळ आठवा. १९६२च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली होती, त्याच वर्षी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या होत्या आणि सहकारी साखर कारखान्यांच्या भोवती एक नवा सत्ताधारी वर्ग उभा राहत होता. निळूभाऊंचा पाटील हा जुन्या वाड्यातला सरंजामदार नव्हे. तो निवडून आलेला आहे, गोड बोलतो, खांद्यावर हात ठेवतो, पतपेढीपासून पोलीस पाटलापर्यंत सगळे खिशात ठेवतो. गावोगावच्या लोकांनी हा माणूस प्रत्यक्ष पाहिलेला होता, पण त्याचे नाव मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. पडद्यावर मात्र तो उघडा पडत होता.

'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील हे त्याचे सर्वांत पूर्ण रूप आहे. रस्त्यावर सापडलेल्या दारुड्या मास्तरला तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपले वैभव दाखवतो, आणि तो मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो: "मारुती कांबळेचं काय झालं?" दर वेळी प्रश्न कानावर पडला, की निळूभाऊंच्या चेहऱ्यावरचे यजमानपण आधी तसेच राहते, नुसती नजर थिजते, आणि मग हळूहळू आवाजातला गोडवा आटत जातो. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धा विभागात हा चित्रपट होता. तिथल्या प्रेक्षकांना साखर कारखान्याचे राजकारण ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण अपराधी माणसाची ती भीती त्यांना कळली असणार. दिगू हा साक्षीदार आहे. हिंदुरावाच्या आत गुन्हाही आहे आणि त्याची जाणीवही आहे. नटासाठी अधिक अवघड काम कोणते, हे आपणच ठरवा.

नाट्यवेडी, कोथरूड

भोरकरांनी 'सामना' पुढे केला हे त्यांच्या सोयीचे आहे. पाटील म्हणून निळूभाऊंनी केलेल्या भूमिकांमध्ये हिंदुरावासारख्या फार थोड्या आहेत आणि बाकी बहुसंख्य चित्रपटांत कॅमेरा त्या पाटलाच्या नजरेतूनच बाईकडे पाहत राहतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या थिएटरात अशा प्रसंगांना पडणाऱ्या शिट्ट्या मी लहानपणी आईशेजारी बसून ऐकलेल्या आहेत. त्या शिट्ट्या सत्तेचा बुरखा फाटल्याच्या आनंदाच्या नव्हत्या. नटाने तिरस्कार निर्माण केला, पण दिग्दर्शकांनी त्यातून करमणूक काढली, आणि आज ते वाक्य लग्नाच्या हॉलमध्ये नकला करणाऱ्यांच्या तोंडी असते ते त्यामुळेच.

निळूभाऊंना हे नक्की समजत होते, असे मला वाटते. ज्या माणसाने तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' १९७२ साली रंगमंचावर उभा केला, त्याला बाई आणि पुरुष यांच्यातल्या सत्तेची गुंतागुंत कुणी शिकवायला नको. सखाराम शिवराळ आहे, हिंस्र आहे, आणि तरी स्वतःच्या दुबळेपणाने पुरता नागडा झालेला आहे. ते नाटक आम्हा पुढच्या पिढीला पाहायला मिळाले नाही, ही हळहळ आहेच. पण चित्रपटसृष्टीने त्या नटाला वर्षानुवर्षे एकच धोतर नेसवून उभे केले, याचा राग मला अधिक येतो.

नारायणपेठकर (धागाकर्ता)

ताईंचा राग मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. पाटलाच्या भूमिकेत प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेली एक चौकट मिळते, म्हणून सुमार चित्रपटातही तो पाटील चालून जातो. दिगूला अशी कोणतीही चौकट नव्हती. कुणी त्याची नक्कल करत नाही, कारण नक्कल करण्यासारखी लकबच निळूभाऊंनी त्याला दिलेली नाही.

भोरकर, हिंदुरावाचे आपण केलेले वर्णन अचूक आहे, परंतु त्या चित्रपटात मास्तर झालेले लागू समोर आहेत. प्रश्न बाहेरून येतो आणि हिंदुराव त्याला उत्तर देतो. दिगूला प्रश्न विचारणारे कुणीही नाही. त्याचा सगळा झगडा आतल्या आत आहे, आणि तरी तो आपल्याला दिसतो.

भोरचा प्रेक्षक

नक्कल होत नाही म्हणून भूमिका मोठी, हे तर्कशास्त्र मला पटत नाही. लोकनाट्यातल्या नटाची मोठी कमाई हीच, की त्याचे वाक्य लोकांच्या तोंडी जाते. कलापथकातून आणि 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या वगातून निळूभाऊंनी जे कमावले, ते समोरच्या गर्दीशी थेट बोलण्याचे कसब होते. दिगूचे मौन ज्या नेमक्या जागी पडते, ते टायमिंग त्याच वगातून आलेले आहे. पाटलाला कमी लेखून आपण दिगूचीच मुळे तोडत आहात.

शिवाय 'सारांश' (१९८४) पाहा. तिथला गजानन चित्रे हा शहरातला पुढारी आहे, वृद्ध जोडप्याला धमकावतो, चित्रपट हिंदी आहे, दिग्दर्शक महेश भट आहेत. तरीही तो गावाकडच्या पाटलाचाच सख्खा भाऊ आहे, आणि म्हणूनच तो इतका खरा वाटतो.

नाट्यवेडी, कोथरूड

'सारांश'चे उदाहरण योग्य आहे, पण त्यातून उलटाच अर्थ निघतो. तिथे एकही शिट्टी पडत नाही, कारण दिग्दर्शकाने कॅमेरा त्या म्हाताऱ्या आईबापांच्या बाजूला ठेवला आहे. नट तोच, गुंडगिरी तीच, आणि भीती मात्र निव्वळ भीती म्हणून पोहोचते. म्हणजे दोष पाटलाच्या भूमिकेत नव्हता, ती कुठून पाहिली यात होता. धागाकर्त्यांनी दिगू आणि हिंदुराव यांची तुलना करताना ही गोष्ट सोडली आहे: दोन्ही चित्रपट जब्बार पटेलांचे आहेत आणि दोन्हींचे लेखन तेंडुलकरांचे आहे. तुलना करायचीच असेल तर 'सिंहासन'ची त्या काळातल्या एखाद्या तमाशापटाशी करा, आणि मग निळूभाऊंचे श्रेय किती व दिग्दर्शकाचे किती, हे मांडून दाखवा.