अनुभव धागा: दाफ्ने स्खिपर्स धावत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?

या डच धावपटूच्या गावात, म्हणजे नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला, मी अकरा वर्षं काढली आणि तिला प्रत्यक्ष एकदाही पाहिलं नाही. सगळं टीव्हीवरच. २०१३ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत हेप्टॅथलॉनचं, म्हणजे सात खेळांच्या स्पर्धेचं कांस्य, २०१५ला ते सोडून नुसतं शंभर-दोनशे धावायचं ठरवलं आणि त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगला दोनशे मीटरचं जगज्जेतेपद. २०२३ला पाठीच्या दुखण्यापायी निवृत्ती. बाकी आकडे कुठेही सापडतील. इथे तुमच्या घरातलं, मैदानातलं सांगा.

माण तालुका, सातारा

आमच्याकडे बीजिंगची स्पर्धा लावली होती ती ललिता बाबरसाठी. ती इथल्याच मोहीची. स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, फायनलला आठवी आली. मी शाळेत पी.टी. घेते, खेळातल्या पोरी माझ्याच घरी जमल्या होत्या. दोन दिवसांनी दोनशेची फायनल, तर पुन्हा हजर. वळण संपलं तेव्हा जमैकाची एलेन थॉम्पसन पुढे होती. ही उंच बाई मागून येत राहिली, येत राहिली आणि अगदी रेषेपाशी पुढे गेली. हिचे २१.६३ सेकंद, थॉम्पसनचे २१.६६.

सोमवारी पोरींना वळणाच्या लेन हव्या होत्या. फक्कीने आखून दिल्या, बाहेरच्या लेनला स्टार्ट पुढे दिला. लगेच आतली मुलगी कमरेवर हात ठेवून उभी: "बाई, ती आधीच पुढे गेलीय!" शेवटी सुतळी घेऊन दोन्ही लेन मोजून दाखवल्या, तेव्हा कुठे ब्लॉकवर बसली. ब्लॉक म्हणजे दोन विटा.

आयंडहोव्हन

तीच फायनल. इकडे शुक्रवारची दुपार, तीनचा सुमार, बजेटची मीटिंग. टीमलीडने काही न बोलता प्रोजेक्टरवर एनओएस हे डच चॅनल लावलं. एरवी लिफ्टमध्येही हळू बोलणारी माणसं टेबल बडवत होती. बावीस सेकंद. पाच मिनिटांनी बजेटची स्लाइड परत आली, कुणी अवाक्षर काढलं नाही!

डेन हाग

माझी डच भाषेची पहिली शिकवणी म्हणजे तिचं आडनाव. 'शिपर्स' नाही, 'स्किपर्स' नाही, घशातून 'ख' काढायचा. फोनवर सासूबाई म्हणाल्या, हळद-दूध घे गं.

अ‍ॅमस्टलफेन

आम्ही प्रत्यक्ष पाहिलंय! जुलै २०१६, युरोपियन स्पर्धा, अ‍ॅमस्टरडॅमचं ऑलिम्पिक स्टेडियम. शंभरचं सुवर्ण तिने आधीच घेतलं होतं, आम्ही गेलो रविवारी, रिलेला. ती दुसऱ्या टप्प्यावर होती, आमच्यापासून लांबच्या बाजूला, त्यामुळे खरं सांगायचं तर दिसला एक नारिंगी ठिपका. पण बॅटन तिच्या हातात गेला तसा आवाज स्टँडमधून तिच्याबरोबर सरकत गेला, लाटेसारखा. सुवर्ण मिळालं. १९२८च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं स्टेडियम हे; त्याच स्पर्धेत आपण हॉलंडला ३-० हरवून हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलो. मुलाला हे सांगितलं तर म्हणतो, "मग आज मी कुणाच्या बाजूने ओरडलो ते चाललं ना?"

ठाणे

१८ ऑगस्ट २०१६, राखीपौर्णिमा. पहाटे साक्षी मलिकचं कांस्य बघून झोप उडालेली, सातला रिओची दोनशेची फायनल. मी नारळीभातासाठी नारळ खवत बसले होते. या वेळी वळणातून थॉम्पसन पुढे निघाली ती हाती लागलीच नाही. २१.७८, हिचे २१.८८. रेषेवर झेपावली आणि पडली. भाऊ म्हणाला, "रौप्य तर आलं की, ताई." त्याला म्हटलं, तिचा चेहरा बघ आधी.

नाशिक

मला अजून वाटतं, हेप्टॅथलॉन सोडायला नको होतं. २०१४ला ऑस्ट्रियात ग्योत्झिसला ६५४५ गुण केले होते तिने. शंभर-दोनशे धावणाऱ्या खूप. दोन दिवसांत अडथळे, उंच उडी, गोळा, दोनशे, लांब उडी, भाला आणि वर आठशे करणाऱ्या किती? असो, सोनं तिच्या गळ्यात पडलं, माझ्या नाही.

पुणे

मी दोनशेच धावायचे, राज्य स्पर्धेपर्यंत. वळणावर शरीर आत झुकतं, प्रत्येक पावलाचा हिसका कमरेत. एकोणिसाव्या वर्षी डावा पाय बधिर व्हायला लागला. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांचा दोष, एल-४, एल-५. आमचे सर म्हणाले, मुलींना सवय नसते, होईल ठीक. मी आणखी सात महिने धावले, ते धावायला नको होते.

त्यामुळे २०१७ला लंडनला दाफ्नेने २२.०५मध्ये दोनशेचं जगज्जेतेपद राखलं ते मी कौतुकाने पाहिलं, पण पुढची वर्षं जास्त लक्ष देऊन पाहिली. २०१९ला दोहात शंभरच्या फायनलला उतरलीच नाही. टोकियोत दोनशेच्या उपांत्य फेरीपर्यंतच. निवृत्तीची बातमी वाचली त्या रात्री माळ्यावरचे स्पाइक्स काढले. खिळे गंजलेत. पाना लावला, फिरेना. नवऱ्याने तेल आणून दिलं, सहातले चार निघाले.